पालकत्वाला लग्नाची अट कशासाठी?

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा नीतिमत्तेपाशी येऊन अडते. त्यांनी असे राहावे की नाही, समाजाने ते चालवून घ्यावे की नाही, यावरच दोन्ही बाजूंची सारी शक्ती खर्ची पडते. मला हा वाद दुय्यम वाटतो. दोन सज्ञान माणसांनी परस्परांच्या राजीखुशीने एका छताखाली राहायचे ठरवले, तर त्याचे बरेवाईट परिणाम भोगायला ती दोघे समर्थ असतात. त्या घरात मूल जन्माला आले की मात्र प्रश्नाचे स्वरूपच पालटते, कारण या निर्णयात ज्याला कोणीही विचारलेले नाही आणि ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही असे तिसरे माणूस आता त्यात आलेले असते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की मुलाचे हक्क आणि पालकांची कर्तव्ये यांचा पाया मुलाचा जन्म हाच असला पाहिजे. आईवडिलांचे लग्न झाले होते की नव्हते, याचा त्याच्याशी संबंध असता कामा नये. आणि एकदा हे तत्त्व मान्य केले, की ते मूल वाढवण्यासाठी ज्या जोडीदाराने आपली नोकरी आणि कमाई बाजूला ठेवली, त्यालाही कायद्याला वाऱ्यावर सोडता येत नाही.

लग्नाला पालकत्वाची पूर्वअट मानण्यामागे पूर्वी काही व्यावहारिक कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. आई कोण हे प्रसूतीच्या वेळीच कळते. बाप कोण हे सिद्ध करण्याचे कोणतेही खात्रीचे साधन विसाव्या शतकापर्यंत माणसाजवळ नव्हते. त्यामुळे विवाहित स्त्रीचे मूल तिच्या नवऱ्याचेच, असे गृहीत धरून कायद्याने तो प्रश्न मिटवून टाकला. जमीनजुमला कोणाकडे जाणार, घराण्याचे नाव कोण लावणार, ही गणितेही त्याच गृहीतकावर बसवलेली होती. परंतु या सोयीची किंमत ज्यांनी मोजली ती सगळी मुले होती. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात विवाहबाह्य मूल हे कायद्याच्या दृष्टीने कोणाचेच नसे आणि त्याला वारसाहक्कही नसे. आपल्याकडे ही किंमत मुलाच्या जिवानेच चुकवली जात होती. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले ते याच कारणासाठी, आणि तिथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी स्वतःच दत्तक घेतले. त्या जोडप्याने मुलाच्या आईबापांचे लग्न झाले होते का, हा प्रश्न बाजूला ठेवून मूल जगले पाहिजे एवढेच पाहिले. कायद्यांना तिथवर पोहोचायला फार वेळ लागला, आणि अनेक कायदे अजूनही पुरते पोहोचलेले नाहीत.

या बदलाची सुरुवात ठळकपणे नॉर्वेत दिसते. योहान कास्तबर्ग या राजकीय नेत्याच्या पुढाकाराने 1915 मध्ये तिथे झालेल्या कायद्यांनी विवाहबाह्य मुलाला वडिलांचे नाव लावण्याचा आणि त्यांच्या मालमत्तेत वाटा मिळवण्याचा हक्क दिला. त्या काळी या कायद्यांना कडाडून विरोध झाला आणि विवाहसंस्था मोडीत निघेल असे भाकीत केले गेले. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विवाहातून किंवा विवाहाबाहेर जन्मलेल्या सर्व मुलांना सारखेच सामाजिक संरक्षण मिळावे असे स्वच्छ शब्दांत लिहिले गेले. तरीही प्रत्यक्षात काय चालू होते, हे समजण्यासाठी बेल्जियममधील एक खटला जवळून पाहण्यासारखा आहे.

पॉला मार्क्स या अविवाहित पत्रकार स्त्रीला ऑक्टोबर 1973 मध्ये अलेक्झांड्रा ही मुलगी झाली. विवाहित स्त्रीचे मातृत्व बेल्जियमच्या कायद्यात जन्मनोंदीनेच सिद्ध होत असे, पण अविवाहित स्त्रीला मात्र आपल्याच पोटच्या मुलीला ‘मान्यता’ दिल्याचे अधिकाऱ्यासमोर वेगळे घोषित करावे लागे. मार्क्स यांनी तसे केले. त्यानंतर त्यांच्या ध्यानात आले की ही मान्यता दिल्यामुळे मुलीला इस्टेट देण्याच्या त्यांच्या अधिकारावर मर्यादा येते, आणि आजी-आजोबांशी किंवा मामा-मावशीशी त्या मुलीचे कायदेशीर नाते तर निर्माणच होत नाही. मुलीची स्थिती थोडी सुधारावी म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी एक विचित्र मार्ग पत्करला: जिला आपण जन्म दिला त्याच मुलीला त्यांनी रीतसर दत्तक घेतले. हा सारा व्यवहार युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे गेला, आणि 13 जून 1979 रोजी न्यायालयाने हा भेदभाव कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग करणारा आहे असा निकाल दिला. बेल्जियमने आपला कायदा बदलला तो 1987 मध्ये. म्हणजे निकाल हाती असूनही मुलीच्या बालपणाची आणखी आठ वर्षे जुन्याच कायद्याखाली गेली.

अमेरिकेत हाच प्रश्न याआधी एका मृत्यूच्या निमित्ताने पुढे आला होता. लुइझियाना राज्यात घरकाम करून पाच मुलांना एकटीने वाढवणारी लुईस लेव्ही ही स्त्री वारली. वैद्यकीय हलगर्जीपणामुळे तिचा मृत्यू झाल्याचा दावा मुलांच्या वतीने करण्यात आला, तेव्हा राज्याच्या न्यायालयांनी ती मुले विवाहबाह्य असल्याने त्यांना आईच्या मृत्यूची भरपाई मागताच येत नाही असे सांगितले. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आईने मुलांना पोसले, वाढवले; त्यांचे नुकसान इतर कोणत्याही मुलांच्या नुकसानीइतकेच खरे होते. आईबापांच्या वर्तनाबद्दल नाराजी असलीच, तरी ती मुलांवर काढण्याला काही आधार नाही, हे इतक्या उशिरा न्यायालयाकडून वदवून घ्यावे लागले याचे मला आजही वाईट वाटते. जपानमध्ये विवाहबाह्य मुलाला औरस मुलाच्या निम्मा वारसा देणारे कलम 2013 पर्यंत टिकून होते; सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवल्यावर त्याच वर्षी ते काढून टाकण्यात आले.

भारतीय कायद्यात या बाबतीत बरेच काही चांगले आहे, पण ते तुकड्यातुकड्यांनी आले आहे आणि त्या तुकड्यांचे एकमेकांशी जुळत नाही. पोटगीच्या बाबतीत कायदा प्रथमपासून समंजस आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये औरस आणि अनौरस अशा दोन्ही मुलांना वडिलांकडून पोटगी मागता येत असे, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्येही तीच तरतूद आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला संरक्षण दिले. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका अविवाहित आईचे प्रकरण आले. तिला आपल्या बचतीवर आणि विमा पॉलिसींवर लहान मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावायचे होते. त्यासाठी तिला मुलाच्या वडिलांचे नाव तरी सांगा किंवा न्यायालयाकडून पालकत्वाचा दाखला आणा असे सांगितले गेले, आणि दाखल्यासाठी गेल्यावर खालच्या न्यायालयांनी वडिलांना नोटीस पाठवल्याशिवाय अर्ज चालवता येणार नाही अशी भूमिका घेतली. ज्या माणसाने त्या मुलाकडे कधी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्याला शोधून त्याची संमती घ्यायची होती. सर्वोच्च न्यायालयाने ही अट काढून टाकली आणि अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिल्यास तिच्या मुलाला जन्मदाखला मिळाला पाहिजे असाही आदेश दिला.

खरी विसंगती वारसाहक्कात आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 नुसार अवैध ठरलेल्या विवाहातून जन्मलेली मुले औरस मानली जातात. उदाहरणार्थ, पहिली बायको असताना पुरुषाने दुसरे लग्न केले तर ते लग्न रद्दबातल असते, पण त्यातील मुलांना वडिलांच्या मालमत्तेत हक्क मिळतो. अविभक्त कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जे आले असते त्यातही या मुलांचा हिस्सा आहे, हे सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले. हा निर्णय मुलांच्या बाजूने योग्यच आहे. पण ज्यांनी कोणाचीही फसवणूक न करता, दुसरा कोणताही विवाह न मोडता, फक्त लग्नाचा विधी न करता उघडपणे संसार केला, त्यांच्या मुलाला हे कलम लागू होत नाही, कारण तिथे अवैध का होईना पण लग्नच झालेले नसते. हिंदू वारसा कायद्यात विवाहबाह्य मुलाचे नाते फक्त आईशी जोडले जाते. त्यामुळे वडिलांच्या पश्चात अशा मुलाला न्यायालयात आपले आईवडील दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहत होते, म्हणून त्यांचा विवाह झाला होता असे गृहीत धरावे, अशी मागणी करावी लागते. 2022 मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे गृहीत धरून मुलाला हिस्सा दिला. ज्या आईवडिलांनी लग्न करायचे नाही असे जाणीवपूर्वक ठरवले आणि तसे सर्वांना सांगितले, त्यांच्या मुलाला मात्र प्रामाणिकपणे हा मार्गही धरता येत नाही. आईवडिलांनी खरे सांगितले म्हणून मुलाचा हक्क बुडावा, ही स्थिती कोणत्याही नीतिकल्पनेत बसणारी नाही.

उत्तराखंडच्या 2024 च्या समान नागरी संहितेने या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे, आणि त्यातला एक भाग मला स्वागतार्ह वाटतो: लिव्ह-इन नात्यातून जन्मलेले मूल औरस मानले जाईल असे तिथे थेट लिहिलेले आहे. मात्र त्याच कायद्यात एक महिन्याच्या आत नात्याची नोंदणी न करणाऱ्यांना तुरुंगवासापर्यंतची शिक्षा सांगितली आहे आणि नोंदीची माहिती पोलीस ठाण्याला कळवण्याची तरतूद आहे. या दोन गोष्टी एकत्र बांधण्याची काही गरज नव्हती. मुलाचे हित साधायचे असेल तर मुलाच्या जन्माची नोंद पुरेशी आहे. आईवडिलांच्या शय्यागृहाची नोंद पोलिसांकडे पाठवून मुलाला काहीच मिळत नाही. उलट, शिक्षेच्या भीतीने जोडपी नाते लपवू लागली, तर वडिलांचे नाव जन्मनोंदीत टाकायलाही ती कचरतील, आणि ज्याच्या रक्षणासाठी कायदा केला त्या मुलाचाच पुरावा नाहीसा होईल.

आता या भूमिकेवरच्या सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळले पाहिजे. आक्षेप असा की लग्न न करता राहणारी जोडपी लवकर विभक्त होतात, घर मोडले की मुलाची आबाळ होते, म्हणून समाजाने आणि कायद्याने लग्नालाच प्रोत्साहन द्यावे. यातले पहिले निरीक्षण बहुतेक देशांत खरे ठरते. विवाहित आईवडिलांपेक्षा अविवाहित आईवडील वेगळे होण्याचे प्रमाण जास्त आढळते. पण त्यावरून लग्नाच्या विधीमुळे घर टिकते असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. अनेक देशांत लग्न न करता मूल होऊ देणारी जोडपी सरासरीने वयाने लहान, कमी शिकलेली आणि आर्थिकदृष्ट्या अधिक अडचणीत असलेली असतात, आणि घर मोडण्याची ही कारणे लग्नापूर्वीपासूनच तिथे हजर असतात. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने 2010 मध्ये मुलांच्या बौद्धिक आणि भावनिक वाढीचा अभ्यास करताना पालकांचे शिक्षण, उत्पन्न आणि इतर परिस्थिती हिशेबात घेतली, तेव्हा विवाहित आणि अविवाहित पालकांच्या मुलांमधील फरकाचा फार थोडा अंश शिल्लक राहिला. फ्रान्समध्ये आज जन्मणाऱ्या दर दहा मुलांपैकी सुमारे सहा मुलांचे आईवडील विवाहित नसतात, आइसलंडमध्ये हे प्रमाण आणखी वरचे आहे, आणि या समाजांतली मुले रस्त्यावर आलेली नाहीत. जपान आणि दक्षिण कोरियात हे प्रमाण अगदी थोडे आहे, पण तिथे जन्मदरच तळाला गेला आहे. लग्नाचे कवच घट्ट ठेवल्याने मुलांना अनुकूल समाज आपोआप घडतो असे त्यावरून दिसत नाही.

शिवाय समजा, लग्न हे मुलासाठी खरोखरच अधिक हितकर आहे असे सिद्ध झाले, तरी त्यातून विवाहबाह्य मुलाचे हक्क कमी ठेवावेत असा निष्कर्ष कसा निघतो? ज्या मुलाचे घर मोडण्याची शक्यता अधिक, त्यालाच तर पोटगीची, वारशाची आणि दोन्ही पालकांच्या सहवासाची हमी अधिक लागणार. आईवडिलांना लग्नाकडे वळवण्यासाठी मुलाला अडचणीत ठेवणे म्हणजे लहान मुलाला ओलीस धरणे होय. धोरणाच्या सभ्य भाषेआड ही गोष्ट दडून राहते म्हणून ती इतक्या स्पष्ट शब्दांत सांगावीशी वाटते.

मुलाचे हक्क मान्य केल्यावरही एक भाग उरतो, आणि त्याकडे उदारमतवादी मंडळीसुद्धा पुरेसे पाहत नाहीत. मूल वाढवणे हे काम आहे, आणि ते काम बहुतेक घरांत एकाच्या, म्हणजे बहुधा आईच्या, वाट्याला अधिक येते. इंग्लंडमधला 1984 चा बर्न्स खटला या संदर्भात विसरण्यासारखा नाही. व्हॅलरी बर्न्स आपल्या जोडीदाराबरोबर एकोणीस वर्षे राहिल्या, त्यांनी त्याचे आडनाव लावले, दोन मुले वाढवली, घर सांभाळले आणि पुढे नोकरी करून आपली मिळकतही घरखर्चासाठी आणि घरातल्या वस्तूंसाठी वापरली. घर पुरुषाच्या नावावर होते आणि हप्ते त्याने भरले होते. नाते संपल्यावर न्यायालयाने त्यांच्याविषयी सहानुभूती व्यक्त केली, पण घरात त्यांना एका पैचाही हिस्सा देता आला नाही, कारण पत्नी असत्या तर जे सहज मिळाले असते ते देण्याचा अधिकारच कायद्याने न्यायालयाला दिलेला नव्हता. पुष्कळ वर्षे एकत्र राहिले की कायद्याने आपोआप पती-पत्नीचा दर्जा मिळतो, असा गैरसमज तिथे आजही खूप पसरलेला आहे. तिथल्या विधी आयोगाने 2007 मध्ये अशा जोडीदारांसाठी मर्यादित संरक्षणाची शिफारस केली, ती अमलात आली नाही. न्यूझीलंडमध्ये मात्र 2002 पासून साधारणपणे तीन वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्यांना मालमत्तेच्या वाटणीचे विवाहितांसारखेच नियम लागू होतात.

यावर एक तत्त्वनिष्ठ हरकत घेतली जाते आणि ती मला हलकी वाटत नाही. ज्यांनी लग्न टाळले त्यांनी लग्नाचे कायदेशीर परिणामही जाणूनबुजून टाळले. मग सरकारने मागच्या दाराने त्यांच्यावर लग्न का लादावे? मूल नसलेल्या जोडप्यांपुरती ही हरकत मी बऱ्याच अंशी मान्य करतो. दोघेही कमावते असतील, कोणीही दुसऱ्यासाठी आपले काम सोडले नसेल, तर त्यांना त्यांच्या अटींवर राहू द्यावे. मूल झाल्यानंतर मात्र ‘आम्ही काहीच स्वीकारले नव्हते’ हे म्हणणे खरे राहत नाही, कारण एकाने रजा घेतलेली असते, बढती सोडलेली असते, रात्री जागवलेल्या असतात, आणि त्याचा लाभ दुसऱ्याला रोज मिळत असतो. कॅनडातील क्वेबेक प्रांताने या विचाराला कायद्याचे रूप दिले आहे. तिथे पूर्वी अविवाहित जोडीदाराला जवळजवळ काहीच संरक्षण नव्हते, आणि 2013 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती व्यवस्था टिकवली होती. नव्या कायद्यानुसार 30 जून 2025 पासून जन्मलेल्या किंवा दत्तक घेतलेल्या मुलाच्या अविवाहित आईवडिलांमध्ये ‘पालकत्वाचे सहजीवन’ आपोआप निर्माण होते, आणि राहते घर, त्यातले सामान व कुटुंबाच्या वापराची वाहने यांच्या किमतीत दोघांचा वाटा धरला जातो. ज्यांना ही वाटणी नको, त्यांना नोटरीपुढे रीतसर करार करून बाहेर पडता येते. मला ही रचना पटते, कारण तिने लग्न आणि पालकत्व यांची गाठ सोडवून जबाबदारीची सुरुवात नेमक्या जागी, म्हणजे मुलाच्या आगमनापाशी, ठेवली आहे.

वडिलांचा विचारही याच न्यायाने व्हायला हवा. जबाबदारी झटकणाऱ्या बापाविषयी आपण पुष्कळ बोलतो, पण मुलाच्या आयुष्यात राहू इच्छिणाऱ्या अविवाहित बापाला कायद्याने दाराबाहेर ठेवल्याची उदाहरणेही कमी नाहीत. जर्मनीत आईची संमती नसेल तर अविवाहित बापाला मुलाचा संयुक्त ताबा मागताच येत नसे. न्यायालयाला मुलाचे हित पाहण्याची मुभाच नव्हती. डिसेंबर 2009 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला आणि 2013 मध्ये जर्मनीने कायदा बदलला. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2003 पासून जन्मनोंदीत आईबरोबर नाव लावणाऱ्या अविवाहित वडिलांना पालकत्वाचे अधिकार आणि कर्तव्ये आपोआप मिळतात. एका सहीने दोन्ही बाजू बांधल्या जातात, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. जिथे पुरुष पितृत्व नाकारतो तिथे डीएनए चाचणीने वाद मिटवता येतो, आणि जिथे स्त्रीला हिंसक माणसापासून मुलाला दूर ठेवायचे असते तिथे अधिकार काढून घेण्याचा मार्ग न्यायालयाकडे असतो. अपवादांसाठी न्यायालय आणि सर्वांसाठी साधी नोंद, एवढी विभागणी पुरते.

भारतापुरते बोलायचे तर त्यासाठी फार मोठी संहिता लिहिण्याची आवश्यकता नाही. वारसाविषयक कायद्यांत मुलाच्या व्याख्येतून औरस-अनौरस हा भेद काढून टाकावा, जन्मनोंदीच्या वेळी अविवाहित पित्याला स्वेच्छेने पितृत्व घोषित करण्याची सोपी तरतूद असावी, आणि मूल असलेले सहजीवन संपताना संगोपनामुळे झालेले आर्थिक नुकसान भरून देण्याचा अधिकार कुटुंब न्यायालयाला असावा. तोवर जी जोडपी लग्नाशिवाय मूल वाढवत आहेत, त्यांनी दोघांचीही नावे जन्मनोंदीत आहेत ना हे पाहावे, दोघांनीही मृत्युपत्र करून ठेवावे, कारण मृत्युपत्र असले की स्वकष्टार्जित मालमत्तेपुरता अनौरसपणाचा प्रश्न उद्भवत नाही, आणि घर कोणाच्या नावावर आहे व कोणाच्या पैशातून उभे राहिले आहे याची लेखी नोंद ठेवावी. प्रेमात असताना असे कागद करणे अनेकांना अवघड वाटते, कारण त्यात अविश्वास दिसतो. विवाहित जोडप्यांसाठी मात्र हे सारे कागद कायद्याने आधीच लिहून ठेवलेले असतात, आणि त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही.